मोडी कागद पाण्यात सोडण्याआधी

जुना मोडी कागद धुवायचा तर कोरडी धूळ मऊ ब्रशने आधी काढायची, हे सांगायला नको. मग विचार करा, साबण खरंच लागणार आहे का? पिवळेपणा बराचसा साध्या पाण्यानेच उतरतो. साबण तेलकट डागांसाठी, काजळीसाठी आणि हाताळून काळ्या पडलेल्या कोपऱ्यांसाठी.

कपड्यांची पावडर नको. नकोच. तिच्यातली कपडे शुभ्र दाखवणारी द्रव्यं कागदावर चिकटून बसतात आणि अतिनील दिव्याखाली निळी चमकतात. शिवाय पुष्कळ पावडरींत सेल्युलेज नावाचं एन्झाइम असतं, सुती कपड्यावर उठलेले सेल्युलोजचे धागे खाणारं. कागदही सेल्युलोजचाच! शॅम्पू 'सौम्य' म्हणून कुणीतरी सुचवेलच. त्यातलं कंडिशनर धन प्रभाराचं, ओल्या कागदाचे धागे ऋण, एकदा चिकटलं की सुटत नाही. घ्यायचं ते बिनवासाचं, बिनरंगाचं, घटक ठाऊक असलेलं नॉन-आयॉनिक, म्हणजे प्रभार नसलेलं, डिटर्जंट. लिटरला १-२ मिलिलिटर पुरे. जास्त घालून मळ जास्त निघत नाही, नंतर जास्त खळबळावं मात्र लागतं.

आता चाचणी. शाईवर पाण्याचा थेंब, वर टिपकागद, एवढं सगळेच करतात. मीही केलं होतं. साबणाच्या पाण्याचा थेंब तेवढा टाकला नाही, आणि जांभळा शिक्का ट्रेभर पसरला. काजळीची मोडी शाई सहसा टिकते, तरी ती डिंकावर बसलेली असते, गृहीत धरू नका. दगा देतात ते नंतरचे रबरी शिक्के आणि कॉपिंग पेन्सिल, म्हणजे ओली झाली की रंग सोडणारी पेन्सिल. साध्या पाण्यात न हललेला रंग साबणाच्या पाण्यात हलू शकतो. म्हणून वापरणार त्याच द्रावणाचा थेंब, त्याच प्रमाणाचा, प्रत्येक शाईवर, प्रत्येक शिक्क्यावर. मागच्या बाजूलासुद्धा! मिनिटभर राहू द्या, घाईने टिपलात तर काही कळणार नाही. दुसरी बाटली उघडली? चाचणी पुन्हा. प्रमाण बदललं? पुन्हा. हिराकस-मायफळाची तपकिरी शाई दिसली तर ट्रे बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

साबणाच्या पाण्याने चाचणी झाली ना? मग पुढे.

ट्रे, खाली आधाराला पॉलिएस्टरची जाळी. पाणी बदलत खळबळा. शेवटचं पाणी बाटलीत हलवून बघा, फेस आला तर आणखी एकदा. डिआयनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी वापरत असाल तर शेवटच्या पाण्यात थोडं कॅल्शियम हवं, नाहीतर ते कागदातलंच ओढून घेतं. मग टिपकागद, हलकं वजन. ओला झालेला टिपकागद बदलत राहा.