बीजीपी फिल्टरमधले राखीव एएस नंबर : या चुका टाळा

बीजीपी (नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) मध्ये राखीव एएस नंबर (नेटवर्कचे ओळख क्रमांक, त्यातले सार्वजनिक इंटरनेटवर न दिसायला हवेत असे) अडवायचे म्हटलं की बरेच जण ६४५१२ ते ६५५३४ ही प्रायव्हेट रेंज टाकतात आणि झालं काम म्हणून मोकळे होतात. पण नंबर ३२ बिटचे झाल्यापासून वर ४२०००००००० ते ४२९४९६७२९४ अशी दुसरी प्रायव्हेट रेंज आहे, शिवाय ०, २३४५६, डॉक्युमेंटेशनसाठी ठेवलेले ६४४९६ ते ६४५११ आणि ६५५३६ ते ६५५५१, दोन्ही टोकांचे ६५५३५ आणि ४२९४९६७२९५, आणि मधला ६५५५२ ते १३१०७१ हा आयानाने (हे नंबर वाटणारी जागतिक संस्था) राखून ठेवलेला पट्टा. हे सगळंच लिस्टमध्ये हवं. एनटीटीसारख्या मोठ्या नेटवर्कने २०१६ पासून पाथमध्ये (वाटेतल्या एएस नंबरांची यादी) असे नंबर असलेले राउट घेणंच बंद केलं, त्यामुळे तुमच्याकडून असा राउट बाहेर गेला तर तो सगळीकडे पोचेलच असं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ रेजेक्समध्ये (पाथशी जुळवायचा मजकुराचा पॅटर्न) होतो. सिस्को राउटरवर ६४५१२ च्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर (नंबराची हद्द दाखवणारी खूण) दिला नाही तर २६४५१२ पण मॅच होतो, आणि तो साधा पब्लिक नंबर आहे! मग समोरचा सांगत राहतो की तुमच्याकडून आमची साइट उघडत नाही आणि तुम्ही राउटिंग टेबलात बघता तर राउटच नाही, कारण तो फिल्टरने दारातच अडवलाय. बर्डसारख्या राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये रेंज आकड्यांनी लिहिता येते, तिथे रेजेक्सच्या वाटेला जाऊच नका.

अंडरस्कोर दिला पण शेवटी डॉलर लावला, तर फक्त ओरिजिन (पाथमधला शेवटचा, म्हणजे राउट जिथून निघाला तो नंबर) तपासला जातो, पाथच्या मधे बसलेला ६५००० आरामात आत येतो. तपासायचा तो पूर्ण पाथ.

कस्टमर तुमच्याशी प्रायव्हेट नंबरवर जोडलेला असेल तर हाच फिल्टर त्याच्या बीजीपी सेशनवर लावू नका, त्याचेच राउट गळतील. त्याचा ठरलेला नंबर तेवढा सोडा आणि बाहेर पाठवताना रिमूव्ह प्रायव्हेट एएस लावा. सिस्कोच्या जुन्या आयओएसवर पाथमध्ये पब्लिक आणि प्रायव्हेट मिसळलेले असले की नुसती ही कमांड काहीच काढत नाही, जिथे ऑल हा पर्याय आहे तिथे तो द्यावा लागतो. म्हणून नंतर पलीकडच्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्या नेटवर्कला राउट कसे दिसतात ते दाखवणारं पान) जाऊन पाथ खरंच साफ दिसतोय का ते बघाच.

आणि लाइव्ह करण्याआधी तोच पॅटर्न सध्याच्या टेबलावर चालवून कुठले राउट गळणार ते एकेक डोळ्याखालून घाला, त्यात कस्टमरचा प्रिफिक्स (त्याच्या आयपी पत्त्यांचा गट) दिसला तर तिथेच थांबा.