तंबूतल्या मुक्कामाला प्रवरेची सोबत

गाडी काढून तंबूत राहायला निघताना मनही थोडं आत वळावं असं वाटत असेल, तर ठिकाणांची यादी करू नका. एक नदी धरा. माझ्या मते प्रवरेसारखी दुसरी नाही. रतनगडावर उगम, भंडारदऱ्याच्या धरणात विसावा, मग अकोले, संगमनेर करत नेवासे, आणि पुढे टोक्याजवळ ती गोदावरीला मिळते. याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

पहिला मुक्काम जलाशयाकाठी. सकाळी गर्दी व्हायच्या आत रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर गाठा. मोबाइल गाडीतच ठेवा. दर्शन झालं की लगेच उठू नका. शेजारच्या पुष्करणीच्या पायरीवर निवांत बसा, कोनाड्यांतल्या मूर्ती एकेक करून पाहा.

रात्री तंबूत टॉर्चच्या उजेडात ज्ञानेश्वरीतली एकच ओवी मोठ्यानं वाचा. अर्थाची घाई नको. दुसऱ्या दिवशी गाडीत गाणी बंद, तीच ओवी घोळू द्या. सोबत कुणी असेल तर अकोल्यापर्यंत बोलायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. नेवाशाच्या मंदिरात पैस खांबासमोर, म्हणजे ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात त्या खांबासमोर, ती पुन्हा म्हणा. इतकं अंतर तिच्यासोबत काटल्यावर ती वेगळीच उमगते, हा माझा अनुभव आहे.

हिवाळ्यात जा, जाड पांघरूण न्या. तंबू ठोकण्याआधी गावात विचारा आणि जलाशयात साबण लावून भांडी घासू नका.