पानांवरील प्रपिंडीय केसांचा अभ्यास कसा करावा

पुदिन्याचे पान बोटांत चुरगळताच येणारा वास पानाच्या पृष्ठभागावरील प्रपिंडीय केसांचा, म्हणजे स्राव तयार करणाऱ्या सूक्ष्म केसांचा असतो. ते पाहण्यासाठी हातभिंग आणि साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो. मात्र कामाचा क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. स्राव साठवणारी पातळ पिशवी हलक्या स्पर्शानेही फुटते आणि अल्कोहोल लागताच तिच्यातील तेल विरघळते. म्हणून पान आधी ताजे व कोरडे, मग पाण्यात आणि शेवटी रंगवून पाहावे.

प्रपिंडीय केस अपित्वचेच्या, म्हणजे पानाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराच्या, एका पेशीपासून वाढतो. त्याची तळपेशी अपित्वचेत रुतलेली असते, तिच्यावर एक किंवा अनेक पेशींचा देठ असतो आणि टोकाला स्रावी पेशींचे डोके असते. पुदिन्याच्या कुळात याचे दोन मुख्य प्रकार दिसतात. ढालीसारख्या केसाचा देठ अगदी आखूड आणि डोके रुंद असते. पुदिन्यात या डोक्यात सामान्यतः 8 पेशी वर्तुळाकार मांडलेल्या असतात, तर सब्जात 4. दुसऱ्या, टाचणीसारख्या प्रकारात लहानशा डोक्यात बहुधा एक-दोनच पेशी असतात. ढालीसारख्या केसात स्रावी पेशींवरील उपत्वचा, म्हणजे मेणचट पातळ आवरण, सुटून घुमटासारखी वर उचलली जाते आणि त्या पोकळीत तेल साठते. देठाच्या पेशींच्या बाजूच्या भित्तींवर क्युटिन या पाणी न झिरपू देणाऱ्या मेणचट पदार्थाचा थर असल्यामुळे स्राव भित्तींमधून पानात परत झिरपत नाही. इतक्या लहान अवयवातली ही व्यवस्था मला फार विलक्षण वाटते.

निरीक्षणासाठी पान कडेने किंवा देठाला धरून तोडावे, पृष्ठभागाला बोट लावू नये. प्रकाश तिरपा पाडून दहापट हातभिंगातून पुदिन्याच्या पानाची खालची बाजू पाहिली, तर शिरांच्या मधल्या भागात चकचकीत पिवळसर ठिपके दिसतात. ते तेलाने भरलेले घुमट होत. केस बाजूने पाहायचे असतील, तर पान अलगद दुमडून स्लाईडवर ठेवावे आणि कव्हरस्लिप न लावता कमी शक्तीच्या वस्तुभिंगाखाली दुमडीची कड पाहावी. टोमॅटोच्या कोवळ्या पानाची कड अशी पाहिल्यास साध्या टोकदार केसांमध्ये चार पेशींची डोकी असलेले आखूड केस ओळखू येतात. टोमॅटोची रोपे हाताळताना बोटांना लागणारा हिरवट-पिवळा चिकट थर अशाच केसांच्या स्रावाचा असतो.

यानंतर पानाचे आडवे छेद घ्यावेत. पानाचा तुकडा गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने एकाच ओढीत कापावे आणि सर्वांत पातळ छेद पाण्याच्या थेंबात ठेवावा. कव्हरस्लिप तिरपी धरून सावकाश टेकवावी. वरून दाबल्यास घुमट फुटतात आणि तेलाचे थेंब भलतीकडेच तरंगताना दिसतात.

तेल ओळखण्यासाठी सुदान-३ हा रंग वापरावा. त्याने मेद पदार्थ नारिंगी-लाल होतात. हा रंग अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असल्याने छेद त्यात फार वेळ ठेवू नये. पानाची उपत्वचाही याच रंगाने रंगते. त्यामुळे केवळ लाल कड दिसली म्हणून तेथे तेल आहे असे समजू नये. घुमटाच्या आतला भाग रंगला आहे का, हे तपासावे आणि तुलनेसाठी न रंगवलेला छेद शेजारी ठेवावा. चिकट श्लेष्मासाठी रुथेनियम रेड आणि टॅनिनसारख्या फिनॉलिक द्रव्यांसाठी फेरिक क्लोराइड उपयोगी पडते.

घनता मोजताना आधी दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वर्तुळाचा, व्यास काढावा. नेत्रभिंगाचा क्षेत्रांक (त्यावर लिहिलेला मिमीतील आकडा, ज्याला वस्तुभिंगाच्या पटीने भागले की व्यास मिळतो) 18 आणि वस्तुभिंग दहापट असेल, तर व्यास 1.8 मिमी आणि क्षेत्रफळ सुमारे 2.54 चौ.मिमी येते, त्यात 20 केस मोजले, तर दर चौ.मिमीला जवळजवळ 8 केस झाले. अशी किमान दहा क्षेत्रे मोजावीत आणि शिरांवरील केसांची नोंद वेगळी ठेवावी. पान पसरते तसे केसांमधले अंतर वाढते व घनता उतरते, म्हणून कोवळ्या आणि जून पानांचे आकडे एकत्र करू नयेत. प्रत्येक आकड्यासोबत पान शेंड्यापासून कितवे आणि बाजू वरची की खालची, हे त्याच वेळी लिहून ठेवावे.