सुगरण मादी खोपा कसा निवडते, हे टिपण्याची रीत

सुगरण पक्ष्यांची जोडी जमते ती अर्धवट विणलेल्या खोप्यावर. मादीची निवड प्रत्यक्ष पाहायची असेल, तर लांब नळीचे पूर्ण खोपे लटकू लागण्याची वाट पाहू नये, कारण तोवर निवड होऊन गेलेली असते. पाऊस स्थिरावून गवत आणि भात वाढीला लागले की नर धागे ओढून आणू लागतात आणि निरीक्षण तेव्हाच सुरू करावे.

जागा शोधताना विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेली बाभूळ, शिंदी आणि कोकणात माड आधी पाहावेत. नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला असतात, त्यामुळे सकाळचे ऊन पाठीशी घेऊन दुर्बिणीतून ते स्वच्छ दिसतात. आपण बसल्यावर नरांनी विणकाम थांबवले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे.

पहिल्या दिवशी झाडाचे कच्चे चित्र काढून प्रत्येक खोप्याला कागदावरच क्रमांक द्यावा. फांदीला खूण बांधू नये. विणीच्या हंगामात नराचे डोके पिवळेधमक आणि चेहरा गडद तपकिरी असतो, तर मादी चिमणीसारखी फिकट दिसते. नर एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, परंतु प्रत्येक जण आपापला खोपा राखतो, त्यामुळे खोप्याचा क्रमांक हीच बहुतेक वेळा नराची ओळख ठरते.

विणकाम फांदीला मारलेल्या गाठींपासून सुरू होते, मग कडे तयार होते आणि त्यावर उलट्या टोपासारखी घुमटी चढते. या टोपाच्या अवस्थेत नर आतल्या बाजूला ओल्या चिखलाचे गोळे चिकटवतो आणि काम थांबवतो. माद्या झाडावर उतरल्या की सगळे नर आपापल्या खोप्याला लोंबकळून पंख फडफडवत एकच कलकलाट करतात. त्या गडबडीत आपली नजर मात्र मादीवरच ठेवावी. ती टोपात शिरते, आडव्या पट्टीवर बसते, चोचीने धागे ओढून पाहते आणि पुष्कळदा पुढच्या खोप्याकडे निघून जाते. ती कोणत्या क्रमांकाच्या खोप्यात शिरली, किती वेळ थांबली आणि पुन्हा आली का, एवढे तरी घड्याळ पाहून लिहावे. एका भेटीला पसंती म्हणू नये. मादी पुन्हा पुन्हा येऊ लागली आणि नराने अंड्यांची खोली बंद करून नळी विणायला घेतली, म्हणजे खोपा पसंत पडला असे नोंदवावे.

यानंतर बहुतेक जण त्या नराकडे पाहणे सोडून देतात, पण खरे महत्त्वाचे वर्तन इथूनच सुरू होते. अंडी उबवण्याचे काम मादी एकटी करते आणि नर जवळच दुसरा खोपा सुरू करून दुसऱ्या मादीला बोलावू लागतो. सालिम अली यांनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे याच क्रमाचा बारकाईने अभ्यास केला आणि पुढच्या वर्षी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणून वहीत ‘जोडी’ हा शब्द त्या खोप्यापुरताच वापरावा.

सर्वांत सुबक विणीचा खोपा पसंत पडतो, असा निष्कर्ष घाईने काढू नये. मादी विणकामापेक्षा जागा अधिक पारखते, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले आहे. उंचीवरचे, काटेरी झाडावरचे आणि बारीक फांदीला टांगलेले खोपे तिला अधिक पसंत पडतात. म्हणून प्रत्येक खोप्याची जमिनीपासूनची अंदाजे उंची, फांदीची जाडी आणि खाली पाणी आहे की नाही, हे लिहून ठेवावे. नाकारलेल्या टोपांचीही तेवढीच काळजीपूर्वक नोंद हवी. ते तसेच वाळत लटकतात किंवा नर ते तोडून टाकतो. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय पसंतीचे कारण हाती लागत नाही.

वसाहत चालू असताना कोणताही खोपा उतरवू नये आणि आत डोकावण्यासाठी फांदी वाकवू नये. अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा ठरू शकतो. विणीचा पोत जवळून पाहायचा असेल, तर वाऱ्याने खाली पडलेला रिकामा खोपा पुरेसा असतो.