बांगड्याचं लांबी-वजन समीकरण: प्रबंधासाठी नमुने घेताना

मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधात लांबी-वजनाचं, म्हणजे लांबीवरून माशाचं वजन काढायच्या समीकरणाचं प्रकरण बहुधा असतंच, आणि सोपं समजून ते घाईत उरकलं जातं. गणित सोपंच आहे. घोळ होतो तो बंदरावर.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात मासळी लिलावाला लागेपर्यंत लहान-मोठा बांगडा वेगळा झालेला असतो. त्या ढिगातले मासे घेतले की विशिष्ट मापाचेच हाती लागतात. म्हणून होडी धक्क्याला लागताच तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारून, निवड होण्याआधीची एक अख्खी टोपली घ्यावी आणि तिच्यातला प्रत्येक मासा मोजावा. जाळं कोणतं, आस (जाळ्याच्या छिद्राचं माप) किती, हेही तिथेच लिहावं. गिलनेटच्या (कल्ल्यांत मासा अडकवणाऱ्या जाळ्याच्या) आसेतून बारीक बांगडा निसटतो, तेव्हा लहान मासे हवे असतील तर रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा) मालही बघावा. सगळे नमुने १८ ते २२ सेंमीचेच असले तर समीकरणाचा घातांक (खाली दिलेला b) भरवशाचा राहत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांकडून मासा मिळाला तर उत्तमच. नाही तर महिनावार तक्त्यातला त्या महिन्यांचा रकाना रिकामा ठेवावा. मे आणि ऑगस्टची सरासरी काढून तो अजिबात भरू नये. पावसाळा बांगड्याच्या विणीचा काळ, आणि गाबोळी भरली की मादीचं वजन वेगळंच येतं.

मोजताना माशाचं तोंड मिटवून नाक मापनफळीच्या उभ्या कडेला टेकवावं, शेपटी सरळ करावी आणि एकूण लांबी मिलिमीटरमध्ये वाचावी. बर्फात शेपटीची टोकं मोडतात, त्यामुळे शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबीही नोंदवावी. मोडक्या शेपटीची लांबी अंदाजाने लिहिण्यापेक्षा तो मासा एकूण लांबीच्या हिशेबातून वगळावा. ताठरलेला, वाकलेला मासा ओढून सरळ करू नये; सैल पडेपर्यंत बर्फात थांबू द्यावा. २० सेंमीच्या माशात १ सेंमीची चूक झाली, तर समीकरणातून निघणारं वजन सुमारे १६ टक्क्यांनी चुकतं.

वजनाआधी कल्ल्यांतलं पाणी निथळून अंग टिपकागदाने टिपावं. ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक काटा चालतो, पण वरचा पंखा बंद हवा आणि दर काही माशांनंतर काटा शून्यावर आणायला हवा. मग गुदद्वारापासून गळ्याकडे पोट फाडून नर की मादी ते बघावं आणि जननग्रंथी ०.०१ ग्रॅमपर्यंत तोलावी. ती ठेवायची असेल तर १० टक्के फॉर्मॅलिन: बाजारी फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई पसरते, बाहेरचं लेबल निघून जातं. फॉर्मॅलिनमध्ये मासा आकसतो, म्हणून तसे नमुने ताज्या माशांच्या आकड्यांत मिसळू नयेत.

आता गणित. वजन = a × लांबी^b; यात a हा स्थिरांक आणि b हा घातांक. दोन्हींचे लॉग घेऊन आधी आलेख काढावा. रांगेबाहेर पडलेला ठिपका दिसला की वहीतली मूळ नोंद बघावी, २१५ चं २५१ झालेलं असतं. नर-मादींची समीकरणं आधी वेगळी काढावीत. फरक लक्षणीय नसेल तरच एकत्र करावीत. b हा ३ पेक्षा (म्हणजे मासा सर्व बाजूंनी सारखाच वाढतो तेव्हाच्या किमतीपेक्षा) वेगळा आहे का, हे टी-चाचणीने तपासावं. दुसऱ्या कुणाच्या a शी तुलना करताना एकक आधी पाहावं: b तीनच्या आसपास असेल, तर सेंमीऐवजी मिमी वापरल्याने a सुमारे हजारपट लहान येतो, b मात्र तसाच राहतो. एकक तक्त्याच्या शीर्षकातच लिहावं.