एचआयव्हीवरची एआरटीची गोळी नेमकी कुठे सुटते? या चुका टाळा

दिवाळी उरकली की आमच्याकडे वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. बीडकडची ही माणसं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे उसाला जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. मी एआरटी सेंटरवर समुपदेशक आहे, आणि गोळ्या सुटलेल्यांची आमची यादी याच महिन्यांत वाढते.

"पेशंटला महत्त्वच कळत नाही," असं सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. महत्त्व कळतं सगळ्यांना. गोळी सुटते ती बाटलीपाशी, एसटीच्या थांब्यापाशी, नाहीतर आमच्याच टेबलापाशी.

न सांगता गावाला जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळ्यात सोपा उपायही हिलाच आहे. सरकारी एआरटी सेंटरं देशभर आहेत आणि औषध सगळीकडे फुकट मिळतं. 2004 सालापासून मिळतंय. तब्येत स्थिर असेल तर सेंटर एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या देऊ शकतं. मुक्काम लांबणार असेल तर कारखान्याजवळच्या सेंटरला नाव वर्ग करता येतं. अचानक अडकलात तरी ग्रीन बुक, म्हणजे तुमच्या उपचाराच्या नोंदींचं पुस्तक, घेऊन जवळचं सेंटर गाठा. ते पुस्तक जवळ असलं की तुमची कुठली गोळी, कधीपासून चालू आहे, हे तिथल्या डॉक्टरांना कळतं. म्हणून ते घरच्या पेटीत ठेवून जाऊ नका. निदान पानांचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

मात्र हे निघायच्या आदल्या दिवशी सांगून भागत नाही. महिनाभर आधी सांगा: कुठला कारखाना, कुठला तालुका, किती महिने. आणि मोबाईल नंबर बदलला की तो आम्हाला कळवा. कितीतरी माणसं हरवतात ती निव्वळ बंद पडलेल्या नंबरामुळे.

गोळ्या बाटलीतून काढून लपवणं

एका ताईंचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दोनदा वाढलेला आला. गोळी रोज घेते म्हणायच्या, आणि खोटं बोलत नव्हत्या. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, ताई, गोळ्या दाखवता का? त्यांनी पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पुडी काढली. बाटली खुळखुळते, कोपीत (फडावरच्या झोपडीत) शेजारणींना ऐकू जातं, म्हणून सगळ्या गोळ्या पुडीत बांधून पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवल्या होत्या. पुडीतल्या गोळ्या ओलसर झाल्या होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या. शिवाय पिठाला हात घालायचा तर कोपीत एकटं असावं लागतं, आणि तसं रोज कुठे जमतं? आठवड्यातले दोन-तीन दिवस तसेच जायचे.

बाटलीवरचं लेबल खुशाल काढून टाका. बाटली फडक्यात गुंडाळा, खुळखुळ थांबते. पण गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा आणि आतली छोटी पुडी फेकू नका, ती ओल शोषून घेते. रानात न्यायला एक-दोन दिवसांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत चालतात. वेळही स्वतःच्या सोयीची ठरवा. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते, ती रात्रीच घेतली पाहिजे असं नाही. पहाटे सगळे उठायच्या आत चुलीपाशी घेतली तरी चालते. रोज तीच वेळ पाळली म्हणजे झालं.

आणखी एक, जे फार घडतं आणि कुणी बोलत नाही: नवरा-बायको दोघंही उपचारावर असतात, एकाची बाटली संपते आणि दोघं एकीतून घेऊ लागतात. मग दोघांच्याही गोळ्या एकदमच संपतात. पुरवून पुरवून एकाआड एक दिवस घेणं तर त्याहून वाईट. औषध अर्धवट पडलं की विषाणू त्याला सरावतो आणि तीच गोळी पुढे लागू पडत नाही.

खंड पडला म्हणून तोंड लपवणं

इथे चूक आमचीही आहे, आणि माझी स्वतःचीही. नवीन असताना चार महिन्यांनी आलेल्या एका दादांना मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता आठवण झाली का?" ते खाली मान घालून गोळ्या घेऊन गेले आणि नंतर वर्षभर आले नाहीत. परत आले ते टीबी घेऊन. ते वाक्य मी अजून विसरले नाही. आता खंड पाडून कुणी आलं की पहिलं वाक्य "आलात, बरं केलंत" हेच असतं. विचारायचं ते नंतर, दार लावून: गाडीभाड्याची अडचण होती? घरी कळलं? दारू? कुणी बोललं?

सेंटरवर काम करणाऱ्या माझ्या सगळ्या सोबत्यांना हेच सांगणं आहे. आणि पेशंट म्हणून तुम्हाला कुणी तोडून बोललं असेल, तर माणूस बदलून मागा, 1097 या मोफत हेल्पलाइनवर बोला, पण औषध सोडू नका. मोठ्या खंडानंतर घरात उरलेल्या गोळ्या मनानेच पुन्हा सुरू करू नका. आधी तपासणी होऊ द्या. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, यांतलं एकही असेल तर आल्या आल्या सांगा.

लहान वाटणाऱ्या चुका

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर तीच घ्या, दोन एकदम नकोत.

डोल्युटेग्राव्हिर असलेल्या गोळीबरोबर (हल्ली बहुतेकांना हीच असते) पित्ताचं पातळ औषध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की एआरटीचं औषध अंगाला नीट लागत नाही. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत एकत्र चालतं, पित्ताचं औषध नाही. आशाताईंकडून लोह-कॅल्शियम घेणाऱ्या गरोदर बायकांना हे कुणी सांगतच नाही.

टीबीची औषधं दुसरीकडून सुरू झाली तर तिथे एआरटीचं सांगा आणि इथे टीबीचं. टीबीवरचं रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राव्हिरचा डोस वाढवावा लागतो.

"आता बरं वाटतंय" आणि "आता धोका नाही"

सीडीफोर (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) वाढला, अंग भरलं, की माणसाला वाटतं झालं बरं. कुणीतरी मुळापासून बरं करण्याचं औषध विकायला टपलेलाच असतो. सीडीफोर तुमची ताकद सांगतो, औषध काम करतंय की नाही ते व्हायरल लोड सांगतो. ती तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, आणि पुढे वर्षातून एकदा होते. ती चुकवू नका.

नियमित गोळीने विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ज्या मोठ्या अभ्यासातून हे पुढे आलं त्यात पुण्याच्या भोसरीतल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आलेली जोडपीही होती. 2011 साली निकाल आला: लवकर उपचार सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. मी हे प्रत्येक जोडप्याला सांगते, कारण वर्षानुवर्षं एका घरात दोन अंथरुणं घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण रिपोर्ट हातात येण्याआधीच कंडोम सोडणं ही चूक. गोळ्यांत खंड पडल्यावरही जुन्याच रिपोर्टवर विसंबणं ही दुसरी. आणि निगेटिव्ह जोडीदाराची दर सहा महिन्यांची तपासणी थांबवणं ही तिसरी. कंडोम फाटला, वापरलेली सुई टोचली, जबरदस्ती झाली, तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. जितकं लवकर तितकं चांगलं. लागण टाळायला 28 दिवसांच्या गोळ्या असतात, त्या पूर्ण कराव्या लागतात.

बाळंतपणाला माहेरी

माहेरी कुणाला ठाऊक नसतं, म्हणून गोळ्या सासरीच राहतात. गरोदरपण आणि अंगावर पाजण्याचा काळ, या दोन्हींत आईची गोळी एक दिवसही चुकायला नको. प्रसूती दवाखान्यातच होऊ द्या आणि तिथे एआरटीचं सांगा. बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. घुटी, मध, वरचं दूध मध्येच देऊ नका, त्याने धोका वाढतो. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताची तपासणी, आणि ती निगेटिव्ह आली तरी अठराव्या महिन्याची राहतेच. ही शेवटचीच फार जणी चुकवतात.

घरी कुणाला सांगायचं, हे मात्र तुम्ही ठरवायचं. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तपासणी करायला बंदी आहे, आणि माहिती उघड करायलाही. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नवऱ्याला सांगायचं आहे पण मारहाणीची भीती आहे, असं असेल तर आधी आमच्याशी बोला, वाट काढता येते.

पिठाच्या डब्यावाल्या ताई यंदा दसऱ्यालाच आल्या. मुकादमाकडून कारखान्याचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या पिशवीच्या तळाशी ठेवल्या, वर ग्रीन बुक, त्यावर लेकराचं स्वेटर. जाताना नवा मोबाईल नंबर दोनदा वाचून दाखवला.