घरातली भांडी समोर ठेवून ड्रॉइंगची प्रॅक्टिस करताय? मग या चुका टाळा

घरातल्या वस्तू समोर ठेवून ड्रॉइंग शिकणं ही उत्तम गोष्ट आहे, त्याबद्दल वादच नाही. वाद आहे तो लोक जे करतात त्याबद्दल. रविवारी आमच्या बिल्डिंगमधली पोरं आणि काही मोठी माणसं माझ्याकडे कागद घेऊन बसतात, आणि नवीन आलेला प्रत्येक जण अगदी ठरवून केल्यासारख्या त्याच चुका करतो, मीही तेच तेच बोलतो, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भांड्याचं तोंड आणि बूड. तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ते आपण चांगलं उघडून काढतो, आणि बूड सपाट असतं हेही माहीत असतं, म्हणून खाली पट्टी ठेवल्यासारखी सरळ रेघ. झालं, वरचा अर्धा भाग खिडकीतून वाकून बघितलेला आणि खालचा अर्धा जमिनीवर आडवं पडून.

घाटकोपरचे एक काका यायचे, आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. त्यांना मी कटिंगचा ग्लास दिला, अर्धा चहा असलेला. त्यांनी बूड सरळ काढलं. मी म्हटलं काका, बूड गोलाईत घ्या. तर म्हणाले, "अरे, बूड सपाट आहे म्हणून तर ग्लास उभा आहे! तू काय सांगतोस?" तर्क एकदम चोख, चित्र साफ चुकलेलं. बराच वेळ वाद घातला आम्ही, चहा गार झाला. शेवटी त्यांना एक डोळा मिटायला लावला आणि पेन्सिल आडवी धरून ग्लासाच्या बुडाच्या दोन्ही कोपऱ्यांना टेकवून बघायला सांगितलं. बुडाचा मधला भाग पेन्सिलीच्या खाली उतरलेला दिसला. काका गप्प. मग हळूच म्हणाले, "अरे, हे तर लटकतंय."

तेच तर सांगत होतो! ग्लासात तीन गोल आहेत: काठ, चहाची पातळी आणि बूड. नजरेच्या जितकं खाली जाल तितका गोल जास्त उघडतो, म्हणजे काठाचा लंबगोल सगळ्यात चपटा, चहाचा त्याहून थोडा फुगीर आणि बुडाचा रुंदीच्या मानाने सगळ्यात फुगीर. काठ बरोबर डोळ्यांच्या रेषेत आला की गोल नाहीच, नुसती आडवी रेघ. आणि तोच ग्लास माळ्यावर ठेवला तर काठाची जवळची कड वर कमान करते. पटत नसेल तर ग्लास आधी जमिनीवर, मग ओट्यावर, मग माळ्यावर ठेवून तिन्ही वेळा काढा. यूट्यूबवर तासभर घालवण्यापेक्षा हे बरं.

आणि लंबगोलाची टोकं टोकदार काढू नका, ती करंजी होते. मी कायम मागचा न दिसणारा भागही हलक्या हाताने पूर्ण फिरवून काढतो, मनगट न हलवता खांद्यापासून हात फिरवत, दोन-चार फेऱ्या, मग त्यातली बरी वाटेल ती रेघ गडद. खोडरबर सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात तर खोडूच नका, मुंबईच्या दमट हवेत कागद मऊ पडतो आणि जरा घासलं की त्याची लव निघते.

पेन्सिल डोळ्यांसमोर धरून वस्तूचं माप घेताना कोपर वाकवायचं नाही. हात ताठ, एक डोळा बंद. कोपर हललं की माप बदललं.

आता दुसरं, ज्यावर माझं डोकं खरंच फिरतं. पहिल्याच दिवशी स्टीलचा डबा! का, तर चमकतो, भारी दिसतो. अहो, त्या डब्यात तुमची खिडकी, ट्यूबलाइट, तुमचा टीशर्ट, सगळं दिसतंय, त्यात डब्याचा आकार शोधणार कुठे? मग लोक घाबरून 6बी ही मऊ, गडद पेन्सिल घेतात आणि बोटाने सगळं पुसून राखाडी करतात. चकचकीत स्टील मुळात मऊ शेडिंगने होतच नाही, तिथे लख्ख पांढऱ्याला खेटून एकदम काळं असतं, कडा धारदार. ते नंतर. आधी पणती, कुंडी, अंडं, कांदा, उन्हाने रंग उडालेला प्लॅस्टिकचा मग. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांदी (1890–1964) आयुष्यभर मुख्यतः बाटल्या आणि बरण्या रंगवत राहिला, आणि तो काही बाटल्यांना चक्क रंग फासायचा, चमक घालवायला. जी चमक त्यानेही टाळली ती तुम्हाला पहिल्या रविवारी जमणार आहे?

बोटाने पुसणं बंद करा, एवढंच सांगतो. सावली रेघांनी भरा, वेळ लागतो, लागू दे.

उजेडाचं पण तेच. आपल्या खोल्यांमध्ये भरदिवसा ट्यूब चालू असते, खिडकीतून एक उजेड, वरून दुसरा, कांद्याला दोन पडछाया, आणि मग "सर, सावली कुठे काढू?" ट्यूब बंद करा. खिडकी एका बाजूला घ्या. आई ओरडेल अंधारात डोळे खराब होतील म्हणून, तेवढं ऐकून घ्या.

वस्तू मांडताना घरात विचारा. दुपारी मांडलेला कुकर संध्याकाळी भाताला लागणारच, त्यात आईचा काय दोष? मी स्टुलावर भांड्याभोवती खडूने खूण करतो, आणि स्वतःच्या खुर्चीच्या पायांभोवतीसुद्धा, कारण खुर्ची वीतभर सरकली तरी सगळे आकार बदलतात.

मोबाइलवर फोटो काढून त्यावरून चित्र काढणारे वेगळेच. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग उगाच मोठा होतो, आणि तुम्ही ते इमानदारीत उतरवता. समोर खरा तांब्या असताना फोटो कशाला?

पॅड मांडीवर आडवं ठेवू नका, तिरकं धरा, नाहीतर चित्र उभं ताणलं जातं.

चोवीस पेन्सिलींचा सेट नको. एचबी, 2बी, 4बी खूप झाल्या.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीतल्या पोरांना तर हमखास कुणीतरी फॉर्म्युला दिलेला असतो, वर लंबगोल, खाली कंस, बाजूला हँडल, की झाली किटली. परीक्षेत समोर दुसराच आकार मांडला की पोरगं वस्तूकडे न बघता तीच किटली काढून येतं. पालकांनो, घरात जे भांडं असेल ते द्या, रोज वेगळं द्या, आणि पोराने पंधरा मिनिटांत "झालं" म्हणून कागद पुढे केला तर भांडं नुसतं अर्धं फिरवून ठेवा आणि परत बसवा.